निकितिन: एका रशियन आडनावाचं मूळ आणि त्याची रूपं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौल-रेवदंडा आणि जुन्नरच्या इतिहासात रस असलेल्यांना अफनासी निकितिन हे नाव नवं नाही. पंधराव्या शतकात वोल्गाकाठच्या त्वेर शहरातून निघालेला हा व्यापारी चौलला उतरला, पावसाळ्यात जुन्नरला अडकला आणि पुढे बीदरला गेला. त्याच्या प्रवासावर मराठीत थोडंफार लिहिलं गेलंय, पण त्याच्या आडनावाकडे कोणी फारसं वळत नाही. वळलं की पहिलाच प्रश्न असा पडतो की ते त्याचं आडनाव होतं तरी का? तिथून रशियन नावांची सगळी घडणच उलगडत जाते. म्हणून निकितिनबद्दलचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

निकितिन म्हणजे नेमकं काय?

निकिताचा. बस, एवढंच. निकिता हे पुरुषाचं नाव, त्याला ‘-इन’ हा मालकी दाखवणारा प्रत्यय लागला की निकितिन झालं. निकिताचं घर, निकिताचा घोडा, निकिताचा मुलगा, सगळ्याला एकच रूप. आपल्याकडे गावात एखादं अनोळखी पोर दिसलं की म्हातारी माणसं हटकतात, ‘कुणाचा रे तू?’ रशियन खेड्यातही हाच प्रश्न विचारला जायचा आणि ‘निकितिन’ हे त्याचं उत्तर होतं. आडनाव म्हणून ते फार नंतर चिकटलं.

निकिता हे नाव मूळचं ग्रीक. ‘निके’ म्हणजे विजय, ‘निकेतेस’ म्हणजे जिंकणारा. दहाव्या शतकाच्या अखेरीस कीव्हच्या राज्याने बायझंटाइन परंपरेचा ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि बाप्तिस्म्याबरोबर ग्रीक नावांची अख्खी रांग रशियात शिरली. त्यातलंच हे एक. चर्चच्या पंचांगात निकिता नावाचे अनेक संत आहेत: चौथ्या शतकातला गॉथ हुतात्मा निकिता, पेरेयास्लाव्हलजवळ खांबावर राहून तप करणारा बाराव्या शतकातला निकिता, नोव्हगोरोदचा बिशप निकिता. मूल ज्या दिवसांत जन्मलं त्या सुमाराच्या संताचं नाव पाद्री ठेवायचा. त्यामुळे ज्या नावाला पंचांगात जास्त दिवस, ते नाव जास्त पसरलं. गॉथ निकिताचा दिवस सध्याच्या कॅलेंडरप्रमाणे २८ सप्टेंबरला येतो. त्याच सुमाराला रानहंस दक्षिणेकडे निघतात, म्हणून लोकभाषेत या दिवसाच्या निकिताला हंस उडवणारा म्हणतात.

इव्हानोव्ह, पेत्रोव्ह असतात; मग निकितोव्ह का नाही?

व्याकरणामुळे. नाव व्यंजनावर संपत असेल तर ‘-ओव्ह’ लागतो: इव्हानचा इव्हानोव्ह, स्तेपानचा स्तेपानोव्ह. सर्गेय, आंद्रेय अशा नावांना ‘-येव्ह’: सर्गेयेव्ह, आंद्रेयेव्ह. पण नाव ‘आ’ किंवा ‘या’वर संपलं की ‘-इन’. निकिताचा निकितिन, इल्याचा इल्यिन, फोमाचा फोमिन, कुझ्माचा कुझ्मिन, लुकाचा लुकिन. तिन्ही प्रत्ययांचा अर्थ एकच.

हा नियम फक्त माणसांच्या नावांपुरता नाही. ‘पुश्का’ म्हणजे तोफ. हे टोपणनाव असलेल्या पूर्वजावरून पुश्किन. ‘गागारा’ हा पाणपक्षी, त्यावरून गागारिन. ‘आ’कारान्त शब्द दिसला की ‘-इन’ ठरलेलाच. निकितोव्ह असं आडनाव भेटतं, पण ते बहुधा बल्गेरियन माणसाचं असतं. तिथले नियम वेगळे.

एक गंमत जाता जाता. तृतीया विभक्तीत रशियन ‘-इन’ आडनावाला एक प्रत्यय लागतो आणि परक्या ‘-इन’ला दुसरा. ‘निकितिनने’ म्हणताना शेवट ‘-इम’चा, पण डार्विन आणि चॅप्लिनला ‘-ओम’. म्हणजे डार्विनचं नाव वरकरणी कितीही रशियन वाटलं तरी व्याकरण त्याला घरचा समजत नाही.

निकिता तर मुलीचं नाव ना?

भारतात हो. संस्कृतातल्या ‘निकेत’शी त्याचं नातं सांगितलं जातं आणि महाराष्ट्रात घरोघरी निकिता सापडते. रशियात मात्र निकिता म्हणजे पुरुष. सोव्हिएत नेता निकिता ख्रुश्चोव्ह आठवून पाहा. दोन नावांचा आवाज जुळला, इतकाच संबंध. रशियनमध्ये ‘आ’कारान्त पुरुषनावं भरपूर आहेत, त्यामुळे तिथे कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

अफनासी निकितिनचं आडनाव निकितिन होतं का?

आजच्या अर्थाने नव्हतं, असंच मानावं लागतं.

त्याच्या प्रवासवर्णनाच्या एका हस्तलिखिताची सुरुवात प्रार्थनेने होते. त्यात तो देवाला विनवतो की, तुझ्या पापी सेवकावर, मिकिताच्या मुलावर, अफनासीवर दया कर. मूळ शब्द आहेत ‘अफनास्या मिकितिना सिना’. यातला शेवटचा शब्द ‘सिन’, म्हणजे मुलगा. तो तिथे असल्यावर ‘मिकितिन’ हे बापाचं नाव सांगणारं विशेषण आहे याबद्दल शंका उरत नाही. वडिलांचं नाव मिकिता, लोकांच्या तोंडचा निकिता. अफनासीला मुलगा असता तर रिवाजाप्रमाणे तो अफनास्येव्ह झाला असता, निकितिन नाही.

मॉस्कोच्या बखरकाराने तर हे नावही वापरलेलं नाही. १४७५ च्या नोंदीत तो लिहितो की, चार वर्षं हिंदुस्थानात राहून आलेल्या ओफोनास या त्वेरच्या व्यापाऱ्याचं लिखाण मला मिळालं. तिथे ‘त्वेरितिन’ असा शब्द आहे, म्हणजे त्वेरचा रहिवासी. याच्याही शेवटी ‘इन’ येतो, पण हा ‘इन’ निराळा. एखाद्या गावचा किंवा जमातीचा एक माणूस दाखवणारा हा प्रत्यय आहे. तातारिन, बोयारिन या शब्दांत असतो तोच. दोन्हींची गल्लत नेहमी होते.

परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कला पोचण्याआधीच अफनासी वारला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन महाराजांचा कारभारी वासिली मामिरेव्ह याच्याकडे दिल्या. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार करामझिनला त्या लिखाणाची प्रत एका मठाच्या ग्रंथसंग्रहात सापडली. तोवर रशियात ‘-इन’वर संपणारं रूप म्हणजे आडनाव अशी सवय पक्की झाली होती, आणि ‘मिकिताचा मुलगा अफनासी’ हा ‘अफनासी निकितिन’ म्हणून छापला जाऊ लागला. थोडक्यात, हे आडनाव त्याला मरणानंतर मिळालं.

मग इथे, दख्खनेत, तो कोणत्या नावाने वावरला?

ख्वाजा युसूफ खुरासानी. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. बहमनी राज्यात खुरासानातून, म्हणजे इराणकडून आलेल्या परदेशी मुसलमानांना दरबारात आणि सैन्यात वजन होतं. एकट्यादुकट्या ख्रिस्ती व्यापाऱ्याने तसं नाव घेणं साहजिक होतं. ‘युसूफ’ का, ‘अफनासी’चं जवळचं काही का नाही, याचं कारण तो देत नाही. पण नावाची घडण पाहण्याजोगी आहे. इथे बापाचं नाव गेलं आणि प्रदेशाचं आलं. घरी तो मिकिताचा, मॉस्कोवाल्यांसाठी त्वेरचा, जुन्नरमध्ये खुरासानचा.

नाव बदललं तरी ओळख झाकली गेली नाही. विकायला म्हणून त्याने एक घोडा आणला होता. त्याला तो १०० रूबलना पडला होता. जुन्नरच्या असद खानाने तो घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही, रशियन आहे, हे खानाला कळलं होतं. धर्म बदल, घोडा परत देतो, वर १,००० सोन्याची नाणी देतो, नाहीतर घोडाही जाईल आणि तुझ्या डोक्याचे १,००० घेईन, असा सौदा त्याने पुढे केला आणि चार दिवसांची मुदत दिली. ख्वाजा मोहम्मद नावाचा एक खुरासानी ऐन वेळी मध्ये पडला, आणि घोडाही सुटला आणि धर्मही. रेवदंड्याला अफनासीचं स्मारक आहे आणि त्वेरला वोल्गाच्या काठावर १९५५ साली उभारलेला त्याचा पुतळा. दोन्हीकडे नाव ‘अफनासी निकितिन’ असंच आहे.

निकितिन आणि निकितिच यांत काय फरक?

आज निकितिन हे आडनाव आणि निकितिच हे मधलं नाव, म्हणजे वडिलांच्या नावावरून आलेलं. स्त्रीचं मधलं नाव निकितिचना. रशियन माणसाचं पूर्ण नाव स्वतःचं, वडिलांचं, आडनाव या क्रमाने जातं. मराठी वाचकाला हा क्रम समजावून सांगायची गरज नाही. फरक दोनच. त्यांच्याकडे वडिलांचं नाव जसंच्या तसं येत नाही, प्रत्यय घेऊन येतं. आणि लग्नानंतर बाईच्या मधल्या नावात नवऱ्याचं नाव शिरत नाही. ती जन्मभर बापाचीच निकितिचना राहते. आदराने हाक मारायची तर पहिलं आणि मधलं नाव एकत्र घेतात, आडनाव घेत नाहीत.

जुन्या काळात मात्र या दोन रूपांत केवळ व्याकरणाचा फरक नव्हता, पायरीचा होता. ‘-इच’ लावून घेणं हा मान होता, तो राजघराणी आणि बोयार सरदारांचा. बाकीच्यांनी ‘अमक्याचा मुलगा’ एवढ्यावर समाधान मानायचं. लोककाव्यातला वीर दोब्रिन्या हा निकितिच. त्वेरचा व्यापारी अफनासी ‘मिकितिन सिन’. दोघांचेही वडील निकिताच. स्त्रोगानोव्ह हे मीठ आणि फरच्या (केसाळ कातड्यांच्या) व्यापारात गब्बर झालेलं घराणं, पण त्यांनाही ‘-इच’ लावायची परवानगी झारकडून मिळवावी लागली, १६१० मध्ये. अठराव्या शतकात कॅथरिन दुसरीच्या काळी सरकारी कागदात याची श्रेणीच ठरलेली होती. वरच्या पाच हुद्द्यांना ‘-इच’, सहा ते आठला ‘-ओव्ह’ किंवा ‘-इन’वालं अर्धं रूप, त्याखालच्यांना नुसतं नाव. एका प्रत्ययात माणसाची सगळी पत मावायची.

निकितिना हे वेगळं आडनाव आहे का?

नाही. निकितिन घराण्यातली बाई ती निकितिना. भाऊ निकितिन, बहीण निकितिना, सगळं कुटुंब मिळून निकितिनी. युरोप-अमेरिकेत स्थायिक झालेल्या काही कुटुंबांत बायकांनीही निकितिन हेच रूप ठेवलंय, कारण तिथल्या कचेऱ्यांना आईबापाची वेगवेगळी आडनावं पचत नाहीत.

पूर्वी आडनाव पिढीगणिक बदलायचं म्हणतात, ते कसं?

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण खुद्द रशियाच्या राजघराण्यात आहे, आणि त्यात एक निकिताही आहे.

चौदाव्या शतकात मॉस्कोच्या दरबारात आंद्रेय कोबिला नावाचा बोयार होता. कोबिला म्हणजे घोडी. त्याच्या एका मुलाला कोश्का म्हणत, म्हणजे मांजर. कोश्काचे वंशज कोश्किन. पुढे त्यांच्यात झाखारी नावाचा कर्ता पुरुष झाला, म्हणून झाखारिन. झाखारीचा मुलगा युरी, त्यावरून युर्येव्ह. युरीचा मुलगा रोमान. त्याची मुलगी अनास्तासिया ही इव्हान द टेरिबलची पहिली राणी आणि तिचा भाऊ निकिता रोमानोविच. हा निकिता लोकांत फार प्रिय होता, लोकगीतांतही तो येतो. मॉस्कोत ज्या मठावरून बोल्शाया निकित्स्काया या रस्त्याला नाव पडलं, तो मठही यानेच स्थापल्याचं सांगतात.

आता चालत आलेल्या रीतीप्रमाणे निकिताच्या मुलांचं काय व्हायला हवं होतं? निकितिन. पण त्यांनी आजोबांचं नाव धरलं आणि ते रोमानोव्ह झाले. मधल्या नावाने मात्र सगळे भाऊ निकितिच. त्यांतला थोरला फ्योदर. बोरिस गोदुनोव्हने त्याला जबरदस्तीने संन्यास देऊन फिलारेत केलं. फिलारेतचा मुलगा मिखाईल १६१३ मध्ये झार झाला आणि त्याबरोबर आडनावही थांबलं. १९१७ पर्यंत गादीवर रोमानोव्ह घराणं होतं. नाव थांबायला आणखी एक पिढी लागली असती तर त्याच गादीवर निकितिन बसले असते.

आजोबांच्या नावापाशी आडनाव थांबणं हे सामान्य घरांतही पुष्कळ दिसतं. कारण साधं आहे. एकत्र कुटुंबाचा कर्ता आजोबा. नोंद करणारा कारकून दारात आला तेव्हा घर त्याच्या नावाने ओळखलं जात होतं.

सामान्य लोकांना आडनावं कधी मिळाली?

टप्प्याटप्प्याने, आणि वरून खाली. सरदार-दरकदारांत चौदाव्या ते सतराव्या शतकात. व्यापाऱ्यांत आधी फक्त बड्यांना. पाद्र्यांना मुख्यतः अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात, तेही बऱ्याचदा पाद्री घडवणाऱ्या शाळांतल्या मास्तरांनी दिलेली. शेतकऱ्यांत उत्तरेकडच्या मोकळ्या कुळांकडे आडनावं लवकर होती. जमीनदारांच्या भूदासांपैकी, म्हणजे जमिनीला जखडलेल्या शेतकऱ्यांपैकी, फार मोठ्या वर्गाला ती मिळाली १८६१ मध्ये भूदासपद्धत मोडल्यानंतर. काहींना ती बापाच्या किंवा आजोबाच्या नावावरून मिळाली, काहींना धंद्यावरून, गावावरून, जमीनदारावरून, किंवा गल्लीत पडलेल्या टोपणनावावरून. १८८८ मध्ये तर सिनेटला बजावावं लागलं की ठरावीक आडनाव लावणं हा नुसता हक्क नाही, ते कर्तव्यही आहे. जे राहिले होते त्यांचा प्रश्न सोव्हिएत काळातल्या ओळखपत्रांनी मिटवला.

आडनावाला रशियन लोक ‘फामिलिया’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून आला आणि पीटर द ग्रेटच्या काळात रुळला. त्याआधी त्यासाठी टोपणनावाचाच शब्द चालायचा, यावरून काय ते समजा.

निकितिनची वेगवेगळी रूपं कोणती?

भरपूर आहेत, आणि प्रत्येक रूपात त्या त्या भागाची बोली ऐकू येते.

पहिली लाडक्या नावांची. निकिताला घरात निकित्का म्हणत, त्यावरून निकित्किन. निकितुश्का म्हटलं तर निकितुश्किन. निकिशा म्हटलं तर निकिशिन, आणि तोच जरा हलक्या सुरात निकिश्का असेल तर निकिश्किन. पण निकिशिन दिसला की लगेच निकिताकडे बोट दाखवू नये. निकिफोर आणि निकोलाय यांनाही लाडाने निकिशा म्हणत.

दुसरा गट ‘म’चा. बोलीत शब्दारंभीचा ‘नि’ सहज ‘मि’ व्हायचा. निकोलायचा मिकोला, निकिफोरचा मिकिफोर आणि निकिताचा मिकिता. अफनासीच्या प्रार्थनेतला मिकिता तो हाच. रशियनमध्ये चर्च आणि कचेरीच्या लेखणीने ‘न’ परत आणला, त्यामुळे मिकितिन तुरळक उरले. युक्रेनी आणि बेलारूशी भाषांत मात्र ‘म’वालं रूपच प्रमाण ठरलं. म्हणून युक्रेनमध्ये मिकितेन्को, मिकित्युक, मिकितचुक. ‘-एन्को’ हा नीपर नदीच्या दोन्ही बाजूंचा प्रत्यय, तर ‘-युक’ आणि ‘-चुक’ पश्चिमेकडचे. पश्चिम युक्रेनमधल्या गॅलिशियात मिकितिन हेही रूप युक्रेनी म्हणून नांदतं. इव्हान मिकितेन्को हा विसाव्या शतकातला युक्रेनी लेखक.

युक्रेनी प्रत्यय आणि रशियन ‘न’ असा संकरही आहे: निकितेन्को, निकितचेन्को. अलेक्सांद्र निकितेन्को (१८०४–१८७७) याची कथा या यादीतली मला सगळ्यात आवडती. शेरेमेत्येव्ह सरदारांच्या घरचा जन्मजात भूदास, १८२४ मध्ये सुटका झाली, पुढे सेंट पीटर्सबर्गला प्राध्यापक आणि सरकारचा अधिकृत सेन्सॉर. रोज रात्री तो रोजनिशी लिहायचा आणि तीत सेन्सॉरशिपलाच शिव्या घालायचा. निकितचेन्कोंपैकी इओना निकितचेन्को हे न्यूरेंबर्ग खटल्यात सोव्हिएत युनियनच्या बाजूचे न्यायाधीश होते.

निकित्स्की हे रूप बहुधा माणसावरून येत नाही, जागेवरून येतं. संत निकिताच्या चर्चचा पाद्री, निकित्स्कोये गावचा रहिवासी, असं काहीतरी. निकितिन्स्की तसंच.

शेवटचं रूप निकितिनिख. उत्तर रशिया, उरल, सायबेरिया या पट्ट्यात ‘-इख’वर संपणारी आडनावं आढळतात. हे षष्ठीचं अनेकवचन: निकितिन लोकांपैकी. इथे प्रश्न ‘कुणाचा’ असा राहिला नाही, ‘कुणापैकी’ असा झाला. या रूपाला स्त्रीलिंगच नाही. भाऊही निकितिनिख, बहीणही निकितिनिख.

निकिफोरोव्ह, निकोलायेव्ह, निकोनोव्ह, निकुलिन हेही त्यातलेच का?

मूळ ग्रीक शब्द एकच, आडनावं स्वतंत्र. विजयाचा ‘निके’ या सगळ्यांत आहे. निकिफोर म्हणजे विजय आणणारा, निकोलाय म्हणजे लोकांचा विजय, निकोन म्हणजे जिंकत असलेला. पण निकिफोरोव्हचा पूर्वज निकिफोर, निकितिनचा निकिता. निकुलिन फसवं आहे. ‘-इन’ बघून ते निकितिनच्या जवळचं वाटतं, पण ते निकुला, म्हणजे निकोलायच्या बोलीरूपावरून आलंय.

निकिता आणि निकोन एकाच माणसात पाहायचे असतील तर सतराव्या शतकातला प्रख्यात धर्मगुरू पाट्रिआर्क निकोन घ्या. चर्चच्या पोथ्या आणि विधी सुधारायला निघाला आणि रशियन चर्च दुभंगून बसला. जन्माने हा शेतकऱ्याचा मुलगा निकिता मिनिन. बापाचं नाव मिना, म्हणून मिनिन. संन्यास घेताना नवं नाव जुन्याच्या आद्याक्षराचं निवडायची प्रथा होती, तसा निकिताचा निकोन झाला. विसाव्या शतकात कुठलं रशियन आडनाव कुठल्या पट्ट्यात दाट आहे याचे नकाशे मांडणाऱ्या अभ्यासकाचं नावही योगायोगाने व्लादिमिर निकोनोव्ह.

सगळे निकितिन एकाच घराण्यातले का?

मुळीच नाहीत. निकिता नावाचा कर्ता पुरुष हजारो गावांत होता आणि प्रत्येक ठिकाणी निकितिन आपापले तयार झाले. रशियातल्या सर्वाधिक आढळणाऱ्या शंभर आडनावांत ते मोडतं. शेजारच्या दोन गावांतले निकितिनसुद्धा एकमेकांचे कोणी नसण्याचीच शक्यता जास्त.

निकितिन म्हणजे रशियन वंशाचा असं समजावं का?

तेही नाही. वोल्गाकाठचे चुवाश आणि मारी, सायबेरियातले याकूत या लोकांचा मोठ्या संख्येने बाप्तिस्मा झाला. चुवाश आणि मारींचा तर मुख्यतः अठराव्या शतकाच्या मध्यावर. बाप्तिस्म्यात पंचांगातली नावं मिळाली आणि त्या नावांवरून पुढच्या पिढ्यांची आडनावं झाली. म्हणून चुवाशांत निकितिन, निकोलायेव्ह, पेत्रोव्ह, याकोव्लेव्ह यांचा सुकाळ आहे. अंतराळवीर आंद्रियान निकोलायेव्ह चुवाशच होता. आडनावावरून फक्त बाप्तिस्म्याचं पंचांग कळतं, वंश कळत नाही.

नावाजलेले निकितिन कोण?

दोन इव्हान आणि एक निकोलाय सांगतो. चित्रकार इव्हान निकितिच निकितिन याला पीटर द ग्रेटने १७१६ मध्ये इटलीला शिकायला पाठवलं होतं. याचं मधलं नाव आणि आडनाव एकाच नावावरून आलेलं, म्हणजे आडनाव नुकतंच घट्ट होत असतानाचा हा काळ. पुढे त्याला सायबेरियात तोबोल्स्कला हद्दपार करण्यात आलं. वोरोनेझचा कवी इव्हान साव्विच निकितिन (१८२४–१८६१) याच्या वडिलांचं नाव साव्वा. जुन्या रीतीने तो साव्विन व्हायला हवा होता, पण तोवर घराचं आडनाव गोठलेलं होतं. बिचाऱ्याने कर्जबाजारी बापाची खाणावळ सांभाळत कविता लिहिल्या आणि शेवटी पुस्तकांचं दुकान काढलं.

तिसरा अभियंता निकोलाय निकितिन (१९०७–१९७३), जन्म त्याच तोबोल्स्कचा. मॉस्कोचा ५४० मीटर उंचीचा ओस्तांकिनो टीव्ही मनोरा त्याचा. १९६७ मध्ये पूर्ण झाला तेव्हा जगातली ती सर्वांत उंच स्वतंत्र उभी वास्तू होती. वोल्गोग्रादच्या मातृभूमीच्या महाकाय पुतळ्याचं बांधकामाचं गणितही त्याचंच. बुद्धिबळवाल्यांना कास्पारोव्हचे प्रशिक्षक अलेक्सांद्र निकितिन माहीत असतीलच.

हिंदी महासागरात निकितिन नावाचं काय आहे?

समुद्राखालचा डोंगर. विषुववृत्ताच्या पट्ट्यात, भारत आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला असलेल्या या डोंगराला अफनासी निकितिनचं नाव दिलंय. त्याच्या पृष्ठावर कोबाल्टयुक्त थर आहेत. २०२४ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे तिथे शोध घेण्याची परवानगी मागितली. श्रीलंकाही त्या भागावर हक्क सांगते. त्यामुळे हे नाव अलीकडे मराठी वर्तमानपत्रांतही येऊन गेलं.

जुन्या कागदांत निकितिन पूर्वज शोधताना काय सांभाळायचं?

सगळ्यात मोठा चकवा वर आलाच आहे: कागदावर ‘निकितिन’ दिसलं म्हणजे ते आडनाव असेलच असं नाही. १७१९ च्या सुमारापासून १८५८ पर्यंत करासाठी दहा वेळा माणसांची मोजदाद झाली. त्या याद्यांत शेतकऱ्यांची नावं बहुतेकदा नुसती बापासकट असतात. समजा एका घरात ‘इव्हान निकितिन, त्याचा मुलगा प्योत्र इव्हानोव्ह, त्याचा मुलगा स्तेपान पेत्रोव्ह’ अशी नोंद आहे. हे तीन आडनावांचे तीन लोक नाहीत. आजोबा, बाप आणि नातू आहेत, आणि इथे कोणालाच आडनाव नाही. यातलं कुठलं पुढे गोठेल हे नंतरच्या कागदावरूनच ठरतं. प्योत्रच्या काळात गोठलं तर इव्हानोव्ह, आणि पणजोबाचं नाव धरून ठेवलं तर निकितिन.

म्हणून उलटं जावं, आजपासून मागे. आधी क्रांतीनंतरच्या नागरी नोंदी, मग चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या, मग मोजदादीच्या याद्या. गावाचं आणि परगण्याचं नाव हाताशी नसेल तर नुसत्या आडनावावर काही सापडत नाही. वडिलांचं मधलं नाव प्रत्येक नोंदीत जुळतंय ना, हे आडनावाच्या आधी पाहावं. ‘सिन’ हा शब्द दिसला की थांबून वाचावं.

हे आडनाव इतर भाषांत आणि मराठीत कसं लिहितात?

फ्रेंच धाटणीत रोमन लिपीतल्या नावाच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर वाढवतात, नाहीतर फ्रेंच माणूस शेवटचा ‘इन’ नाकात म्हणतो. पॅरिसला गेलेल्या जुन्या कुटुंबांत आणि सोव्हिएत पासपोर्टांवर ते तसं आढळतं. लॅटव्हियात व्याकरणाच्या नियमाने ‘निकितिन्स’ होतं, लिथुएनियात ‘निकितिनास’. माणूस तोच, सरहद्द बदलली की शेपूट बदलतं.

मराठीत निकितिन आणि निकितीन दोन्ही चालतात. रशियन उच्चारात जोर मधल्या ‘कि’वर येतो आणि तोच थोडा लांबतो, शेवटचा ‘तिन’ आखूडच राहतो. त्यामुळे ‘तीन’ दीर्घ करण्यापेक्षा ‘निकितिन’ जवळचं. ‘निकीतिन’ लिहिलं तर उच्चाराच्या आणखी जवळ जाईल, पण ती वाट कोणी धरलेली नाही.